मोठ्या कॅमेऱ्यातली आई

सारा बाजार त्याला ‘लेन्सवाले’ म्हणायचा, आणि त्यात निम्मी थट्टा असायची. बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ होता. माणूस वाईट नव्हता, फक्त कॅमेऱ्याचं नाव निघालं की डोक्यात वारं शिरायचं. कुणी फोनवर काढलेला फोटो कौतुकाने दाखवला, तर हा नाक मुरडून म्हणायचा, “छान आहे. फोनच्या मानाने.”

सगळ्यात जास्त तोंडसुख त्याने धाकट्या बहिणीवर घेतलं. काच तडकलेल्या फोनने ती आईचे फोटो काढत सुटायची. भांडी घासताना, पेंगताना, पुढच्या पडलेल्या दाताची फट दाखवत खिदळताना. एकदा फोन भरला म्हणून तिने तो दादाकडे दिला, तर या शहाण्याने न विचारता आईचे सगळे फोटो पुसून टाकले.

“कचरा होता नुसता. आईचा फोटो मी काढतो, बघच तू!”

काढलाही. आईला स्टुडिओत बसवलं, दिव्यांपुढे पांढऱ्या छत्र्या उघडल्या, “तोंड मीट, आई,” म्हणाला. मग कॉम्प्युटरवर सुरकुत्या घालवल्या, गालावरचा डाग उडवला. गिऱ्हाइकांसाठी रोज तेच करायचा, हात आपसूक चालला.

पुढे काही महिन्यांतच आई गेली. तो फोटो बाबांच्या खोलीत लागला. बाबांनी बराच वेळ निरखला.

“झकास आलाय रे. पण ही आपली वाटत नाही. मला तिचा चेहरा आठवेनासा झालाय. दुसरा एखादा असला तर दे ना.”

आपल्याच हाताने आपण आईला पुसून टाकलं, हे त्याला तेव्हा कळलं. शेवटी लाज गिळून त्याने बहिणीला विचारलं.

“तूच पुसलेस ना, दादा?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. “त्यानंतर मी काढायचंच सोडलं. एकच आहे. स्टुडिओतला. तू दिव्यांशी खटपट करत होतास ना, तेव्हाचा.”

फोटो वाकडा होता, जरा हललेलाही. कडेला लेन्सवाल्यांची पाठ, आणि त्या पाठीकडे टक लावून बघणारी आई. लेकाचं किती कौतुक करू नि किती नको, असं झालेली.

बाबांनी फोन दोन्ही हातांत धरला. “हीच. हीच ती!” मग त्यांनी सहज विचारलं, “तुझ्याकडेच बघतेय की रे. तू कुठे बघत होतास?”

“दिव्याकडे,” तो म्हणाला.