सोळावं बेअरिंग

साल दोन हजार पंचवीस. विलास छत्तीस वर्षांचा होता. कारखान्यातली पहिली पाळी करून सालवडला घरी आला, छातीत कळ आली म्हणाला आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलाच. नवापूरला निरोप आला तेव्हा मी वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत टांगत होतो. हातातले बोंबील तसेच राहिले... माझा पुतण्या तो. बाप लवकर गेला, म्हणून माझ्याच ओट्यावर वाढला.

चाकांच्या बुटांवर पळण्यात तो दोनदा देशात पहिला आला. मी चौथी शिकलेला, मला त्यातलं काय कळणार? पण बघायची हौस दांडगी. कामगारांच्या बसगाड्या सुरू व्हायच्या आत तो बोईसरच्या सिमेंटच्या रस्त्यावर सराव करायचा. कमरेत वाकलेला, एक हात पाठीवर, जसा कुणी म्हातारा काठी विसरून निघालाय. मी विचारलं, "पाठ धरली काय रं?" तर म्हणाला, "काका, वारा कापायचा असतो. तुज्या होडीची पुढची नाळ सपाट हाय का?" ते मला पटलं. पण मैदानावर सगळे कायम डावीकडेच का वळतात, हे काही पटलं नाही. "उजवीकडं वळायला बंदी हाय?" म्हटल्यावर नुसता हसला. ते कोडं अजून तसंच आहे.

दुसरं कोडं मात्र माझं मीच घातलेलं. विलास सतरा वर्षांचा असताना पालघरला राज्याच्या संघाची निवड होती. आदल्या दुपारी त्याचे बूट ओट्यावर होते. चाकं फिरवून बघितली, मला जड वाटली. आम्ही लाकडी होडीला मुशी माशाचं तेल पाजतो, त्यानं फळी वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात टिकते. म्हटलं, लोखंडाला का नाही चालणार? आठ चाकं, प्रत्येकात दोन बेअरिंगं. सगळ्यांना ते चिकट तेल चांगलं दाबून लावलं आणि कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच फेरीत एक चाक अडकलं. माझ्या डोळ्यांसमोर तो आपटला, मनगट मोडलं. त्याचं वर्ष फुकट गेलं.

चूक कबूल करायची मला सवय नाही, गावाला ठाऊक आहे. मी गप्प राहिलो, तोही कधी बोलला नाही. त्यानंतर प्रत्येक शर्यतीआधी मात्र बेअरिंगं धुवायला माझ्याकडेच आणायचा, दोन्ही वेळा देशात पहिला आला तेव्हासुद्धा. मी चारचौघांत छाती काढून सांगायचो. आणि मनात एकच... ह्याला माहीत आहे की नाही?

तेराव्यानंतर त्याची बायको शीतल त्याची बुटांची पिशवी घेऊन आली. तळाशी गोळ्यांची पत्र्याची डबी होती. "काका, हे त्यांनी का जपलं ते कधी सांगितलं नाही. उघडलं की वास मारतो." आत एकच बेअरिंग. तपकिरी, रेती चिकटलेलं, फिरवलं तर फिरेना. मी नाकाला लावलं. मुशीचा वास एवढ्या वर्षांनीही गेला नव्हता.

शीतलला मी सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा.

ती गेल्यावर डबी मांडीवर घेऊन बसलो आणि पडल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवली. उजेड होतोय न होतोय तोच विलास ओट्यावर आला. प्लास्टरचा हात गळ्यात, काखेत घासलेटची बाटली. बेअरिंगं ताटात ओतून म्हणाला, "काका, ही घासलेटात धुवायची, कोरडी करायची, मंग ह्या बारक्या कुपीतला एकेक थेंब. दुसरं काय बी नाय. आजपासून हे काम तुजं."

"मला शिकवतोस?"

"मंग? एका हातानं मला जमनार हाय का?"

मी मोजली. पंधराच भरली. म्हटलं, "एक कमी हाय रं."

"पडलं असंल पालघरला," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता ताटात घासलेट ओतलं.