दोन सीटची गाडी आणि दोन किलोचं सिलिंडर

खरं सांगा, तुम्ही बसलेल्या गाडीला आग लागली तर पहिल्या दहा सेकंदांत तुमचा हात कुठे जाईल? मोबाईलकडे जाईल. उगाच मान हलवू नका, माझाही तिकडेच गेला असता. आमच्या वरोऱ्याच्या मामाजींचा हात मात्र डावीकडच्या सीटवर जायचा, तिथे पट्टा बांधून बसवलेल्या लाल सिलिंडरवर. हे मामाजी माझ्या आईचे मावसभाऊ. आगीला त्यांच्याइतकं जवळून ओळखणारा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा नाही, हे मी कुठल्याही चौकात उभी राहून सांगायला तयार आहे.

मामाजींची सगळी नोकरी भुयारी कोळसा खाणीत गेली. कोळसा नुसता पडून राहिला तरी आतल्या आत तापत जातो आणि एक दिवस कोणी काडी न लावता पेटतो. तो पेटण्याआधी वासावरून ओळखायचा, हे मामाजींचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी खाण सोडली, पण नाक बरोबर आणलं. आमच्या घरी आले की चहाच्या आधी ते भिंतीवरच्या प्रत्येक बटणाच्या पाटीला पालथा हात लावून बघत. एकदा मीटरजवळ बराच वेळ उभे राहून डॉक्टरच्या गंभीर आवाजात म्हणाले, "बारीक ताप हाय इले." आम्ही हसलो. वायरमनने पाटी उघडली तेव्हा आतली तार काळीठिक्कर पडलेली होती. आगीबद्दल ते कधी वाकडं बोलत नसत. होळीच्या दिवशी सगळा मोहल्ला बोंबा मारत असताना हे ओलं पोतं खांद्यावर टाकून एका बाजूला उभे, एखाद्या मोठ्या घरच्या बाईसमोर उभं राहावं तसे. पोरांनी फार आरडाओरडा केला की म्हणत, "हळू ना बे, बाई जागी हाय!"

माझ्या ताईच्या लग्नात तर त्यांनी कमाल केली. अंतरपाट धरलेला, गुरुजी तिसऱ्यांदा ओरडून राहिले, "मुलीच्या मामा, मुलीला आणा!" आणि मामा गायब. शोधाशोध केली तेव्हा मंडपाच्या मागे आचाऱ्याच्या शेगडीपाशी सापडले. गॅसच्या नळीला नाक लावून बसले होते. मुहूर्त चालला म्हणून आईच्या डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणाले, "मुहूर्त थांबते अक्का, हे नळी नाई थांबत." नळी बदलूनच आले. काळ्या हातांनी त्यांनी ताईला बोहल्यावर आणलं आणि खिशातून जुन्या नळीचं टोक बाहेर लोंबत होतं. लग्नाच्या सगळ्या फोटोंत ते टोक आहे.

अशा माणसानं निवृत्तीनंतर स्पोर्ट्‌स कार घेतली. लाल, दोन सीटची, दोनदा विकली गेलेली, आणि इतकी बुटकी की शेजारून बैलबंडी गेली तर बैलाचं पोट दिसावं. सोयाबीन आणि कापसाच्या गाड्यांनी भरलेल्या आमच्या बाजाररस्त्यावर ती आली की लोक तिला वाट देत नसत, आधी वाकून बघत. मला मनापासून राग आला. माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता, मी बाराखडी पत्रकांवरच शिकले, आणि एका माणसानं केलेल्या चैनीचा दहा माणसांना जाब द्यावा लागतो असं आमच्या घरात मानत. मी तोंडावर विचारलं, "मामाजी, ही चैन काऊन?"

मामाजी रागावले नाहीत. म्हणाले, "खाणीत छप्पर छातीएवढं. सारा जलम वाकून चाललो मी. आता मले उंच गाडीत बसलं का भेव वाटते, डोक्यावर मोकळं मोकळं लागते. हे गाडी बरी हाय. वाकूनच बसतो, पन उजेडात बसतो."

मी हातातलं पत्रक घडी करून पिशवीत टाकलं.

गाडी आली त्याच दिवशी सिलिंडर आलं. आग विझवायची भुकटी भरलेलं, दोन किलोचं. स्पोर्ट्‌स कारमध्ये ते ठेवावं की नाही ह्यावर वरोऱ्यात जितकी चर्चा झाली तितकी निवडणुकीवर झाली नसेल. सगळ्यात जास्त विरोध होता गाडीच्या मिस्त्रीचा. तो म्हणाला, "मामाजी, स्पोर्ट गाडी हाय हे. हिच्यात ग्राम ग्राम वजन मोजते कंपनी. अन् तुमी धोंडा बसवून राह्यले."

"दोन किलोनं फरक पडते काय?"

"पडते ना!"

"मंग आजपासून मी राती जेवत नाई."

आणि खरंच जेवले नाहीत. महिनाभर रात्री फक्त ताक. मग बाजारातल्या धान्याच्या काट्यावर स्वतःला चढवून वजन करून आले आणि मिस्त्रीला म्हणाले, "सव्वादोन उतरलो. वरचा पाव किलो तुह्या गाडीले माह्याकडून भेट." मिस्त्रीनं हात टेकले, पण सीटखाली पट्टी ठोकायला त्यानं साफ नकार दिला. एवढ्या सुंदर गाडीच्या पोटाला तो भोक पाडणार नव्हता. "डिक्कीत ठेवा" म्हणाला. मामाजींनी त्याच्याकडे दयेनं बघितलं. "आग इंजिनात लागन, अन् मी उतरून, मांगं जाऊन, चाबी लावून डिक्की उघडू? हात लांबवला का भेटलं पाहिजे." मग सिलिंडर शेजारच्या सीटवर गेलं, तेही पट्टा लावून. महिन्यातून एकदा मामाजी ते उलटं करून थोपटत, आतली भुकटी बसून गोळा होऊ नये म्हणून. काट्यासारखी एक सुई असते वर, ती हिरव्या पट्ट्यात आहे ना हे रोज बघत. स्वतःचा रक्तदाब मात्र त्यांनी कधी मोजला नाही.

ह्यात हाल झाले मामीचे. "मांडीवर घे म्हनते मले," ती सगळ्यांना सांगायची. "चंद्रपूरच्या बाजारात मी हा लोखंडाचा लेक मांडीवर घेऊन उतरू काय? लोक इचारतीन, बारसं कधी हाय म्हनून!" आणि तरी ती मांडीवर घेऊन जायची, वर पदर टाकून. त्यामुळे तर ते अगदीच लेकरासारखं दिसायचं.

गेल्या चैत्रात मी एक पत्रक लिहिलं. मोहाची फुलं पहाटे गळतात, आणि वाळल्या पानांत ती दिसत नाहीत म्हणून कित्येक लोक झाडाखालचा पाला जाळून जमीन मोकळी करतात. ती आग वाऱ्यानं जंगलात शिरते. "पाला जाळू नका" हे सांगायला मला आरमोरीच्या पुढे, जंगलातल्या एका लहान गावात जायचं होतं. बसची वेळ जुळेना. मामाजी म्हणाले, चल. माझ्याकडे पत्रकांचे चार गठ्ठे होते. डिक्कीत दोनच मावले.

मी म्हटलं, "मामाजी, आज एक दिवस सिलिंडर घरी राहू द्या. आपण आगीच्या विरोधातच तर चाललो."

"तुहे कागद आग विझवतीन काय? ते तं पेटते."

"लोक शिकले की आग लागतच नाही."

"शिकेपर्यंत हे असू दे."

दोन गठ्ठे वरोऱ्यातच राहिले. मी सिलिंडर गुडघ्यांत धरून, तोंड फुगवून बसले. मूल गाव गेलं, गडचिरोली गेलं, आरमोरी गेली, माझं तोंड फुगलेलंच. पुढच्या कच्च्या रस्त्यावर गाडीचं पोट जागोजागी घासत होतं आणि मामाजी प्रत्येक वेळी "अरे बाप्पा, अरे बाप्पा" करत तिची माफी मागत होते.

गावाच्या तोंडाशीच मोहाचं मोठं झाड होतं. खाली पाच-सात बाया टोपल्या घेऊन बसलेल्या. मी म्हटलं, "तिथे सावलीत लावा." त्या गाडीत बसलं की नाकापुढची जमीन दिसत नाही, म्हणून मामाजी थांबले. "पोट्टी, उतरून पाहाय बरं खाली काय हाय ते." मला माझ्या बाया दिसत होत्या. मी खिडकीतून मान काढली, सगळं सपाट दिसलं. म्हटलं, "काही नाही, या पुढे."

मी उतरले आणि पत्रक वाचायला लागले. शेवटच्या ओळींना माझा आवाज चांगलाच चढला. बायांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी, जिचं ते झाड होतं ती आजी, हातात खराटा घेऊन उठली.

"बाई, आमी जाळतच नाई ना," ती म्हणाली. "झाडतो. पाहाय."

मी पाहिलं. झाडाखालची जमीन सारवलेल्या अंगणासारखी लख्ख होती, तिथे पंगत बसवता आली असती. तेवढ्यात मागून येत मामाजींनी विचारलं, "मंग झाडलेला पाला कुठी टाकता बाई?"

आजीनं खराट्यानं गाडीकडे दाखवलं.

मला सपाट दिसली ती जमीन नव्हती. तो उथळ नाला होता, हंगामभर झाडून टाकलेल्या सागाच्या आणि मोहाच्या पानांनी काठोकाठ भरलेला, आणि दूरवरून तापून आलेली आमची बुटकी गाडी त्या पानांवर पोट टेकून उभी होती. मामाजींचं नाक वर झालं. मला तर अजून काही दिसतही नव्हतं. "बायाइले तिकडं ने," एवढं बोलून ते पळाले. त्यांचं वय पळायचं नव्हतं, पण पळाले.

धूर निघाला आणि मग गाडीखाली आग दिसली. त्याच वेळी दुसरी एक बारीक धार पाल्यातून सरपटत निघाली, वाऱ्याबरोबर, आजीच्या घराकडे. घराला कुडाचं कुंपण, वर गवत, आणि अंगणभर तिनं त्या हंगामात वेचलेला सगळा मोह वाळत पडलेला. पावसाळाभराचं तेल, मीठ, औषध, जे काही तिच्या घरात येणार होतं ते त्याच मोहातून येणार होतं. मामाजींनी हात लांबवून सीटवरचं सिलिंडर काढलं, वरची पिन ओढली. दोन किलोचं सिलिंडर दहा सेकंद चालतं. त्यात एक आग विझते, दोन नाही. त्यांनी गाडीकडे एकदा बघितलं. मी शपथेवर सांगते, एकदाच. मग तिच्याकडे पाठ केली आणि कुंपणाकडे गेले.

त्या दहा सेकंदांइतकं सुंदर काम मी आजवर पाहिलेलं नाही. ते वाकले, अगदी खाणीतल्यासारखे, आणि ज्वाळांवर नव्हे तर ज्वाळांच्या मुळाशी, थोडं थोडं, थांबून थांबून भुकटी मारत गेले. आग बसली, पण पाला धुमसत होता. तेवढ्यात आजी पुढे झाली. तिनं खराट्यानं कुंपणासमोर पाला दोन्ही बाजूंना सारून मोकळ्या मातीची एक रेष काढली, इतक्या भराभर की मला तिचा हात दिसेना. बाकीच्या बायांनी हिरव्या फांद्यांनी उरलेलं झोडपलं, हंड्यांनी पाणी ओतलं. हे सगळं त्यांना माझ्या पत्रकाशिवाय येत होतं. मी गठ्ठा छातीशी धरून उभी होते.

रेषेच्या अलीकडे काहीही जळलं नाही. पलीकडे गाडी जळत होती. मामाजींनी सगळ्यांना लांब बसवलं आणि स्वतःही रिकामं सिलिंडर शेजारी ठेवून बसले. "पेट्रोल संपेपर्यंत कोनी जाचं नाई," म्हणाले. मग हळूच, "काच गेली. आता टायर जातीन." एकेक जात होतं, आणि ते मान हलवत होते.

आजीनं लोटाभर पाणी आणलं. "भाऊ, तुमची एवढी मोठी गाडी..."

"कुठी मोठी बाई? दोन मानसं बसत नवती," मामाजी म्हणाले. पाणी पिऊन त्यांनी लोटा रिकाम्या सिलिंडरशेजारी ठेवला.

आम्ही बसनं परतलो. कंडक्टरनं विचारलं, "हे काय हाय काका?" मामाजी म्हणाले, "रिकामं हाय, जाऊ द्या." घरी मामीनं दारातच त्यांचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, गाडीबद्दल काही विचारलं नाही. मिस्त्री तेवढा चार दिवस हळहळत होता. गाडीवर मारलं असतं तर वाचली असती म्हणाला, आणि ते खरं आहे. तो भेटेल त्याला सांगतो, बघा, ठेवून काय उपयोग झाला? मी त्याला सांगत असते की उपयोग आरमोरीच्या पुढे एका अंगणात वाळत पडलेला मी पाहिला आहे. गाडीतलं सिलिंडर गाडीसाठीच असतं असं कोणी ठरवलं?

आता मामाजी संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसतात. रस्त्यावरून कुठली गाडी नीट आवाज करत गेली की मान थोडी वळते, मग परत येते. हे कसं झालं असं कोणी विचारलं की दरवेळी सांगतात, "माही चूक. मी पाहाले पाहिजे होतं." मी शेजारी बसलेली असते. माझ्याकडे ते बघतसुद्धा नाहीत, मला वाईट वाटू नये म्हणून. हजार पत्रकं लिहिली तरी एवढं मोठेपण मला जमणार नाही.

म्हणून ह्या वेळी छापायला फार काही नाही. गाडीत सिलिंडर ठेवा, हाताला लागेल असं ठेवा. आणि चैत्र-वैशाखात आमच्या जंगलातून जाताना सावली बघून गाडी लावायची झाली, तर आधी दार उघडून खाली उतरा, पायानं पाला सारा, माती दिसू द्या. मी उतरले नव्हते. तुम्ही उतरा.