न तपासता मारलेला शिक्का

वाद्यवृंदात तिला सगळे नोटेशनबाई म्हणत. नोकरीला लागली तेव्हा ती हाताने स्वरलिपी उतरवायची. पुढे कॉम्प्युटर आला आणि स्वरलिपी लिहिण्याच्या एका प्रोग्रामवर तिने एकटीने दीडशेच्या वर रचना चढवल्या. रंगमंचामागच्या खोलीत ती, दोन कपाटं आणि एक जुनाट कॉम्प्युटर, एवढाच तिचा संसार. क्लॅरिनेट वाजवणारे भाऊजी, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, तिथे चहाला येत. त्यांनीच शब्द टाकून तिला इथे चिकटवलं होतं.

वाद्यवृंद चालवायचे मास्तर. त्यांचं तोंड सैल आणि हात त्याहून सैल. ढोलवाल्याच्या कानफटात त्यांनी भर तालमीत मारली होती, एका व्हायोलिनवालीच्या बोटांवर काठी ओढली होती. माणूस तापट आहे पण कान सोन्याचा आहे, असं म्हणायची रीत होती. त्या सोन्याच्या कानापायी कित्येकांचे कान लाल झाले होते, पण तक्रार कोणी केली नव्हती. बाईंनीही नाही.

नवे कॉम्प्युटर आले तेव्हा घोळ सुरू झाला. जुना प्रोग्राम त्यांच्यावर चालेना. नव्या आवृत्तीत जुन्या फाइली उघडत, पण धड उघडत नसत. कुठे विरामाची खूण गायब, कुठे पुनरावृत्तीची रेघ भलत्याच जागी. बाईंनी त्यावर आपली पद्धत बसवली होती. जुन्या यंत्रावरून एक पान छापायचं, नव्यावरून एक, आणि दोन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायची. उजेडात जिथे ठिपका ठिपक्यावर बसला नाही तिथे चूक. मग दुरुस्त करून ‘तपासले’ असा शिक्का मारायचा. एका रचनेला दोन दिवस जात.

मास्तरांना दोन दिवस परवडणारे नव्हते. सोमवारी त्यांनी एक मोठी जुनी रचना काढली आणि बुधवारी सकाळी सगळे कागद हवेत म्हणून सांगितलं. वेळ पुरणार नाही, असं बाई म्हणाल्या. त्यावर मास्तरांनी टेबलावरचा गठ्ठा उचलून त्यांच्या अंगावर फेकला, आणि बटण दाबायला मला दोन दिवस लागत नाहीत, असं सुनावून गेले. बाईंनी व्हायोलिनची पानं तपासली, चेलोची तपासली. क्लॅरिनेटपर्यंत आल्या तेव्हा बुधवार उजाडला होता. त्यांनी पानं तशीच छापली आणि वर शिक्का मारला.

क्लॅरिनेटचं लेखन जरा वेगळं असतं. इतरांपेक्षा एक स्वर वर लिहावं लागतं, तेव्हा कुठे ते बाकीच्यांशी जुळतं. जुन्या प्रोग्रामने ते आधीच वर चढवून ठेवलेलं होतं. नव्याला ते कळलं नाही आणि त्याने पुन्हा एकदा चढवलं.

तालमीत पहिल्याच ओळीला भाऊजी थबकले. कागद चुकलाय, असं म्हणून त्यांनी मनानेच खाली उतरवून वाजवायला सुरुवात केली. ते बरोबरच वाजवत होते. पण मास्तरांनी थांबवलं. आपल्या तालमीत कोणी शहाणपणा केलेला त्यांना खपत नसे.

“कागदावर आहे तेच वाजवायचं,” ते म्हणाले.

भाऊजींनी आणखी एकदा सांगून पाहिलं. मास्तरांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि चाळीस माणसांसमोर त्यांच्या बापाचा उद्धार केला. मग भाऊजीही हट्टाला पेटले. त्यांनी कागदावरचा स्वर न् स्वर जसाच्या तसा वाजवला. सगळ्या वाद्यवृंदाला कळ यावी असं ते ऐकू आलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

मास्तरांनी समोरचा लोखंडी स्टँड उचलला आणि आडवा फिरवला. क्लॅरिनेट भाऊजींच्या तोंडातच होतं. ते आत घुसलं. भाऊजी खुर्चीसकट मागे पडले, तरी मास्तर थांबले नाहीत. दुसरा घाव जबड्यावर बसला, तिसरा खांद्यावर. वरचे चार दात फरशीवर पडले, ओठ नाकापर्यंत फाटला. बाई दारात उभ्या होत्या. त्यांना आधी रक्त दिसलं नाही, स्टँडवरून गळून पडलेल्या पानावरचा स्वतःचा शिक्का दिसला.

भाऊजींना इस्पितळात नेलं. चारच माणसं मागे उरली. मास्तर बाईंच्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं. आता त्यांचा आवाज शांत होता. नवी फाइल सुधारायची, सुधारलेली पानं छापून ठेवायची, आणि पोलिसांना सांगायचं की कागद ठीक होता, त्यानेच मुद्दाम वाकडं वाजवलं.

“तुमचीही नोकरी वाचेल,” ते म्हणाले. “शिक्का तुमचा आहे.”

बाई नाही म्हणाल्या. त्यांचा उजवा हात उघड्या खणात होता. मास्तरांनी गुडघ्याने तो खण बंद केला. दोन बोटं मोडल्याचा आवाज बाईंनी स्वतः ऐकला. मग मास्तरांनी जुना कॉम्प्युटर उचलून जमिनीवर आपटला आणि त्यावर बूट मारत राहिले, एखाद्या माणसाला लाथा घालाव्यात तसे. बाईंनी डाव्या हाताने कागदांना भोकं पाडायचं जड यंत्र उचललं आणि त्यांच्या कानशिलात घातलं. मास्तर गुडघ्यावर आले. बाईंनी आणखी एकदा मारलं. तो दुसरा घाव गरजेचा नव्हता, हे त्यांनी पुढे कधी नाकारलं नाही. आवाजाने धावत आलेल्या ढोलवाल्याने दार फोडलं आणि दोघांना अलग केलं.

कॉम्प्युटरचा डबा चेपला होता, पण आतली डिस्क शाबूत निघाली. कोर्टात जुनं पान आणि नवं पान एकावर एक ठेवून दाखवलं गेलं. भाऊजींनी छापलं होतं तेच वाजवलं हे सिद्ध झालं. मास्तरांच्या वकिलाने विचारलं, न तपासता शिक्का मारला कोणी? बाई म्हणाल्या, मी. मास्तरांना तीन वर्षांची शिक्षा झाली. बाईंची नोकरी गेली.

ताईने आठ महिने तिला दार उघडलं नाही. भाऊजींना नवे दात बसले, पण फाटलेला ओठ क्लॅरिनेटवर टिकेना. फुंकर कडेने निसटून जाई. नव्या संचालकांनी वर्षभराने बाईंना परत बोलावलं, कारण उरलेल्या सत्तर रचना दुसऱ्या कोणाच्या बापाला जमेनात. दोन वाकड्या बोटांनी त्या कामाला लागल्या.

एका दुपारी ताई आणि भाऊजी तिच्या घरी आले. मग भाऊजी त्या फाटक्या ओठातून जपून शब्द काढत म्हणाले, “तू तपासायला हवं होतंस.”

“हो,” ती म्हणाली.

“आणि मी गप खाली उतरवून वाजवायला हवं होतं.”

“नाही,” ती म्हणाली. “ते तुमचं काम नव्हतं.”

ताई उठली आणि ताटं घ्यायला आत गेली.