भागीबाईची गवतगाडी

नाशिकच्या मखमलाबाद रोडला, कालव्याच्या अंगाला जे लग्नाचं लॉन आहे, तिथली हिरवळ सोळा वर्षं भागीबाईच्या हाताखाली वाढली. पेठच्या डोंगरातून ती नवऱ्याबरोबर द्राक्षांच्या हंगामाला आली होती. हंगाम सरला, बरोबरची माणसं भात लावायला परत गेली. पण सहादूला या लॉनवर वॉचमनचं काम मिळालं आणि दोघं इथंच राहिली. पुढे सहादू काविळीत गेला. मुलगी आशा लग्न होऊन हरसूलला नांदायला गेली. मागे उरली ती भागीबाई, तिची पत्र्याची खोली, हिरवळ आणि एक ढकलायचं मशीन.

भल्या सकाळी ती मशीन सुरू करी. आदल्या दिवशीचं लग्न अजून गवतावर पडलेलं असे. झेंडूच्या पाकळ्या, अक्षता, एखादी बांगडीची काच. ते सगळं वेचून झालं की ती ढकलायला लागे. दहा-बारा फेऱ्या झाल्या की तिला गुंगी चढल्यासारखं होई. कापल्या गवताचा वास नाकात भरला की आपण कुठं आहोत हेच तिला उमजत नसे. पाय नाशिकला चालत असत आणि मन माहेरच्या उतारावर, जिथं कमरेएवढं गवत वाऱ्यानं एका अंगावर झोपतं आणि मग सगळंच्या सगळं एकदम उठतं. कुणी हाक मारली तर ती लांबून परत आल्यासारखी बघे.

लॉनचा मालक धनराज. चाळिशीचा, सदा फोनवर, पण माणूस मनाचा मऊ. मागच्या वर्षी त्यानं शेजारची जागा घेतली आणि हिरवळ दुप्पट झाली, चांगली तीन एकर. आता ढकलायच्या मशीननं दोन दिवस लागत, आणि लग्नतिथीच्या दिवसांत मध्ये दोन दिवस मोकळे कुठले मिळायला!

"मावशी," तो एकदा म्हणाला, "आता बसून चालवायचं मशीन घेऊ. तुम्हीपण चला बघायला. गवतातलं मला काही कळत नाही."

भागीबाईनं मान हलवली. वर बसणार कोण, हे तिनं विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

पहिलं दुकान शहरातच, अंबडला. काचेचं, आत गार हवा, फरशी अशी की पाय ठेवायला संकोच वाटावा. मधोमध लाल मशीन उभं होतं. त्याला स्टिअरिंग नव्हतं, दोन लांब दांडे होते. विक्रीला बसलेले यादव नावाचे गृहस्थ पुढे आले. "जागच्या जागी गोल फिरतं, मॅडम. तीन एकर म्हणजे सव्वा तासाचं काम. बसून बघा ना."

तिला आजवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. लुगड्याचा काष्टा सावरत ती वर चढली. गादी मऊ होती. दोन्ही दांडे हातात घेतले आणि तिचे डोळे मिटल्यासारखे झाले. फरशी हिरवी झाली, भिंती लांब सरकल्या. आपण जमिनीपासून हातभर वर आहोत, खालून गवत वाहतंय, नदीसारखं, आणि आपल्याला पाय हलवावे लागत नाहीत, असं तिला वाटलं. कितीतरी वेळ ती तशीच बसली. धनराज खाकरला तेव्हा ती जागी झाली.

मग तिनं विचारलं, "वल्या गवतावर चालंल का हे?"

"कोरडं असताना वापरलेलं चांगलं, मॅडम."

"सकाळी दव असतं. धाला मांडववाले येत्यात. वाळायला येळ कुठाय?" ती खाली उतरली आणि मशीनच्या मागच्या रुंद चाकांवरून हात फिरवला. "आन् जागच्या जागी फिरलं, की खालचं गवत पिळवटून मुळासकट येईल. चालवून दाखवता का?"

यादव प्रामाणिक होते. चालवून बघायचं मशीन पुण्याला आहे, महिनाअखेरीस येईल, आणि ओल्या मातीवर झटक्यात वळवलं तर गवत निघतं हेही त्यांनी कबूल केलं.

दुसरं दुकान शहरातल्याच द्वारका चौकाच्या बाजूला. तिथं मशीन नव्हतंच. जाड, गुळगुळीत पुस्तिका होती. दुकानदार एकेक पान उलटून चित्रं दाखवत होता. हे मशीन परदेशातून येतं, दीड महिना लागेल, पण किंमत सगळ्यांत कमी. धनराजला ते पटायला लागलं. भागीबाईनं चित्रावर बोट ठेवलं.

"ह्याचं पातं हितं भेटतं का?"

"मागवावं लागेल."

"किती दिवस?"

"तेही... महिना-दीड महिना धरा."

"दगड लागला की पातं जातं," ती धनराजला म्हणाली. "मंग महिनाभर लग्नं काय गुडघाभर गवतात लावायची?"

तिसऱ्या दुकानाला, पिंपळगावला जाईपर्यंत ती गाडीत पुस्तिका मांडीवर घेऊन पेंगत होती. बाहेर द्राक्षबागा मागं पळत होत्या. झोपेतच तिला त्या सगळ्या बागांवरून कुणीतरी सपाट हिरवी चादर ओढतंय असं दिसत राहिलं.

पिंपळगावचं दुकान म्हणजे हमरस्त्यालगतची शेड. बागांवर औषध मारायचे पंप, ट्रॅक्टरची अवजारं, ऑइलचा वास. दुकान मंजुषा नावाची बाई चालवते. वडिलांचं होतं, आता तिचं. ती पान्हा हातात घेऊनच बाहेर आली. कोपऱ्यातल्या मशीनवर धूळ होती. साधं मशीन, गोल स्टिअरिंग, पायाशी पुढं-मागं जायचे दोन पेडल, मागं कापलेलं गवत जमा करायची पेटी.

मंजुषानं किमतीचं नावही काढलं नाही. उलट तिनंच विचारलं, "जमीन कशी आहे? झाडं किती? फाटक केवढं?"

धनराज भागीबाईकडे बघायला लागला. फाटक कुणी मोजलं होतं!

"नव्या जागंत जायचं फाटक हेवढं," भागीबाईनं दोन्ही हात पसरून दाखवले. मंजुषानं शेडमधला टेप काढला आणि त्या पसरलेल्या हातांमध्येच धरला. साडेतीन फूट आणि वर थोडं.

"मग मोठं मशीन आत जाणारच नाही," ती म्हणाली. "हे अडतीस इंच रुंदीचं आहे. मंगळवारी तुमच्याकडेच घेऊन येते. तुमच्या गवतावर चालवा, मग बोलू."

मंगळवारी सकाळी पिकअपमधून मशीन उतरलं. धनराजनं आपल्या शेतावरच्या ट्रॅक्टर ड्रायव्हरला बोलावून ठेवलं होतं. मशीनवर बसणारा तोच, हे भागीबाईला तेव्हा कळलं. ती पदर कमरेला खोचून कडेला उभी राहिली.

ड्रायव्हरनं नांगरट करावी तशी गाडी हाकली. सरळ ठीक होतं, पण उंबराजवळ जमीन जरा फुगीर आहे, तिथं पातं खाली टेकलं आणि हातभर माती उघडी पडली. भागीबाई दोन पावलं पुढे धावली.

"थांबवा!" ती ओरडली. मग स्वतःच्याच आवाजानं दचकून हळू म्हणाली, "शेठ, मी बसते."

"मावशी, तुम्ही? सायकल तरी चालवलीय का कधी?"

"नाय. पण कुठं फुगवटा हाय, कुठं पाणी साचतं, हे ह्याला ठावं हाय का? मला ठावं हाय."

धनराजनं मंजुषाकडे बघितलं. "बसू द्या ना," मंजुषा म्हणाली. "माझं मशीन आहे अजून. बिघडलं तर माझं."

भागीबाई बसली. गादी पुढे ओढून घेतली, तेव्हा कुठे पाय पेडलला पोचले. चावी फिरवली, मशीन हललं आणि चार हातांवर बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. ड्रायव्हर हसला.

"माझ्या हातातच खोट हाय," ती उतरायला लागली.

"हातात नाही हो, वजनात!" मंजुषा पुढे झाली. "गादीखाली बटण असतं. माणूस खाली पडला तर पातं आपोआप थांबावं म्हणून. तुम्ही इतक्या हलक्या, की जरा पुढे वाकलात की मशीनला वाटतं वर कुणीच नाही." तिनं गादी उचलली, पान्ह्यानं खालची स्प्रिंग सैल केली, दोनदा दाबून बघितलं. "आता बसा. ते बटण काढून मात्र टाकायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी."

या खेपेला मशीन थांबलं नाही. पहिली फेरी वाकडी गेली. दुसरी कमी वाकडी. उंबराजवळ तिनं पातं वर उचललं, फुगवटा हळूच ओलांडला आणि पुन्हा खाली सोडलं. मग तिला कुणी दिसेनासं झालं. ऊन कोवळं होतं, दवाचे थेंब उडत होते, आणि एरवी चालताना जे गवत पायांना लागे ते आता तिच्या बाजूंनी वाहत होतं. माहेरचा उतार, इथलं सपाट मैदान, मधली सगळी वर्षं, सगळं एकाच रंगाचं झालं. तिच्या ओठांवर हसू आलं होतं, पण तिला ते ठाऊक नव्हतं. धनराजनं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा तो आडवा जाऊन उभा राहिला.

"बास, मावशी! घेतलं हेच!"

ती भानावर आली. "अंबडचंबी वाईट नाय, शेठ," ती म्हणाली. "पर ते मोठ्या सपाट मैदानाचं. आपल्याला हे बरं."

ड्रायव्हर शेतावर परत गेला. मार्गशीर्षातल्या तिथींना भागीबाई रोज दीड-दोन तासांत हिरवळ उरकू लागली. तिची पाठ रात्री दुखायची थांबली. आशा माहेरपणाला आली तेव्हा आईला मशीनवर बघून आधी तोंडावर हात ठेवून हसली, मग रडली, मग मोबाइलवर फोटो काढून हरसूलला सगळ्यांना दाखवला.

मंजुषाचा फोन आला तो होळीच्या सुमाराला. ओझरजवळच्या एका शाळेला मशीन घ्यायचं होतं, पण चालवायला जमेल का, अशी तिथल्या माळीणबाईंना भीती वाटत होती. "तुम्ही येऊन दाखवाल का? मी सांगून त्यांना पटणार नाही."

धनराजनं सुट्टी दिली. शाळेचं मैदान पाहून भागीबाई फाटकातच थांबली. एवढं मोठं, एवढं मोकळं, मध्ये एकही झाड नाही. तिथल्या माळीण, वत्सलाबाई, बाकावर अंग चोरून बसल्या होत्या.

"लय अवघड असतं का हो?" त्यांनी विचारलं.

"पैल्यांदा वाकडं जातं," भागीबाई म्हणाली. "जाऊ द्यायचं."

ती मंजुषानं आणलेल्या मशीनवर चढली. विमानतळाच्या बाजूनं एक विमान वर निघालं होतं, सगळी मुलं वर्गाच्या खिडक्यांतून ते बघत होती. भागीबाईनं वर पाहिलं नाही. पेडल दाबलं आणि समोरच्या टोकाकडे निघाली. मैदानाला अंत नव्हता आणि तिला कसलीच घाई नव्हती.