गिलावा ओला असताना

पुरात घर वाहून गेलेल्या शेवंतामावशींसाठी आमचा स्वयंसेवकांचा गट दोन खोल्या बांधत होता. मावशी समोरच्या पत्र्याच्या शेडमधून रोज चहा आणायच्या, पण आत कधी पाऊल टाकत नसत. शेवटच्या भिंतीचा गिलावा झाला, त्या दुपारी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"येऊ का आत?"

"मावशी, घर तुमचं. विचारायचं तर आम्ही," मी म्हणाले.

मावशी पदर सावरून आत आल्या, ओल्या भिंतींकडे पाहत राहिल्या आणि एकदम लगबगीनं म्हणाल्या, "अगं, मग उभे का सगळे? बसा की!"

भिंती आम्ही उभ्या केल्या होत्या; घर त्या एका शब्दानं झालं. बसायला नुसती जमीन होती. आम्ही थाप्या बाजूला ठेवल्या आणि पाहुण्यांसारखे अंग चोरून बसलो.