जटेला लावलेला तानकाटा

शाळेत मी नववीला घर्षण शिकवते. म्हणजे ठोकळ्याला तानकाटा, ओढीचा जोर मोजणारा स्प्रिंगचा काटा, अडकवून तो बाकावरून ओढते आणि पोरं जांभया देतात. तोच काटा एका शनिवारी मी सोमेश्वरनगरजवळच्या आमच्या वस्तीवर घेऊन आले, थोरल्या जाऊबाईंच्या जटेला लावायला.

जट कशी आली ते मीच सांगते, आमच्या सासूबाई वेगळंच सांगतील. जाऊबाईंना टायफॉईड झाला, तेव्हा ऊसतोड ऐन भरात होती. तीन आठवडे त्या अंथरुणावर, आणि त्यांच्या डोक्यात फणी घालायला घरात कुणालाही सवड नाही. केसांचा गोळा झाला. ताप गेला, गोळा तसाच राहिला, तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, जाहीर केलं, "देवी आली!" झालं! कात्री लावायची नाही, मंगळवारी-शुक्रवारी हळदकुंकू वाहायचं. पार सुप्याकडच्या बायका पाया पडायला यायच्या आणि आत्या त्यांना चहा पाजत मिरवायच्या. जाऊबाईंची मान मात्र त्या ओझ्यानं आखडली. त्यांना आडवं होता येईना, भिंतीला टेकून झोपायच्या. देवीची तक्रार करणार तरी कुणाकडं?

कापायचं नाव काढलं असतं तर आत्यांनी मला माहेरचा रस्ता दाखवला असता. म्हणून म्हटलं, "आत्या, कापत नाही. देवीचा जोर किती आहे, तेवढा मोजते."

"मोज की," आत्या म्हणाल्या. आपल्या देवीचा जोर कमी भरणार नाही याची त्यांना खात्री होती.

काट्याच्या हुकाला फणी बांधली, जटेच्या बुडाशी रोवली आणि ओढली खाली. बी.एस्सी. झालेली मी, अक्कल गहाण टाकून बसले होते! फणीपुढं सगळे गुंते एकावर एक दाबले गेले, काटा किलोच्या पुढं गेला आणि जाऊबाई किंचाळल्या, "आगं भवाने, मुंडी उपटतीस का? चऱ्हाटाचा गुंता कुणी बुडातनं वढतं व्हय? शेवटाकडनं सुटतो त्यो!"

दहावी नापास जाऊबाईंकडून मी घर्षण शिकले. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी खोबरेल चोपडायचं, टोकाकडचे बोटभर केस घ्यायचे, त्यांच्या वर मुठीत घट्ट धरायचं आणि मग काटा लावायचा. कोरड्या केसांना अर्धा किलो, तेल लावलेल्यांना पाव. आत्या पलंगावरून विचारायच्या, "आज किती?" त्यांना आकड्यांचा नादच लागला. जोर कमी व्हायला लागला तशा त्या शेजारणीला सांगू लागल्या, "देवी आपनहून उतरतीया." फणीचा दात मोडला की देवीचा कोप, गुंता सुटला की देवीचा प्रसाद. घ्या! मी पदर तोंडात कोंबून हसायचे.

पंधरा-वीस दिवसांनी फणी वरपासून खालपर्यंत सरळ उतरली, काटा जेमतेम हलला. गळलेल्या केसांचा बोळा आत्यांनी हळदकुंकू लावून कॅनॉलला सोडला. मी फुशारून गेले होते. आता जाऊबाई माझं कौतुक करणार म्हणून वाट बघत उभी राहिले.

त्यांनी मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली. मग माझ्या हातातली फणी हिसकून घेतली आणि ढसाढसा रडायला लागल्या.

"दीड वरीस मी बसून झोपले," त्या म्हणाल्या. "तू शिकल्याली. ह्यो नुसता गुंता हाय, हे तुला पहिल्या दिसापासनं ठावं व्हतं का न्हाय?"

"होतं."

"मग?"

आत्यांची भीती वाटत होती, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण नुसत्या भीतीनं माणूस दीड वर्ष गप्प राहत नाही. मान माझी दुखत नव्हती.