पदर कुठं हाय?

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी आमच्या मेजरांनी साडी नेसली. खाकी पॅन्टवर बायकोची जुनी फुलाफुलांची साडी गुंडाळली, पदर खांद्यावर टाकला आणि मिशांवरून हात फिरवत ते माझ्या मागं गाडीवर एका अंगानं बसले. मांडीवर भाजीची पिशवीसुद्धा घेतली होती. "आता मी तुमची आई हाय," ते म्हणाले, "बाजारला न्या मला."

मैदानावर आम्ही नऊ जण होतो. नऊच्या नऊ जण पोट धरून हसलो, आणि सगळ्यांत जास्त मी हसलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. देवळाली प्रवराजवळच्या एका साखर कारखान्यात मी चिटबॉय होतो. म्हणजे कोणाचा ऊस कधी तोडायचा त्याच्या चिठ्ठ्या घेऊन बांधाबांधानं हिंडायचं. तोवर सायकलवर हिंडत होतो. ज्यांना मोटारसायकलवर फिरायचं असेल त्यांनी आधी दहा दिवस गाडी चालवायचं रीतसर शिक्षण घ्यायचं, असं शेतकी विभागाच्या साहेबांनी ठरवलं आणि त्यासाठी नगरहून मेजरांना बोलावलं. खरं तर ते हवालदार होऊन निवृत्त झाले होते, पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. मूळचे खर्ड्याकडचे. फौजेत बारा वर्षं मोटारसायकलवरून टपाल पोचवलं होतं.

पहिले दोन दिवस त्यांनी आम्हाला किकला पायसुद्धा लावू दिला नाही. नुसतं मागं बसवलं. ते पुढं, आम्ही आळीपाळीनं मागं. खड्डा आला की ते मुद्दाम सांगायचे नाहीत. आमची हाडं खिळखिळी झाली. "मागच्याला काय दिसत न्हाई," ते म्हणायचे, "त्याचं डोळं तुमी." तिसऱ्या दिवसापासून क्लच, गिअर, वळणं, आरशात बघणं, दोन्ही ब्रेक बरोबर दाबणं. मला सगळं भराभर येत गेलं, आणि येतंय हे मला फार लवकर कळलं.

साडीच्या दिवशी त्यांचा एकच प्रश्न होता. गाडी निघायच्या आधी ते मागून ओरडायचे, "पदर कुठं हाय?" आपण वळून बघायचं, मागच्या बाईनं पदर हातात गोळा केलाय की नाही ते पाहायचं आणि म्हणायचं, "हातात हाय." मगच गिअर टाकायचा. दोघं जण न बघताच "हातात हाय" म्हणाले. त्यांना मेजरांनी उतरवलं आणि मैदानाला पायी फेरी मारायला लावली. मी नीट बघून सांगितलं. माझ्या परीक्षेच्या कागदावर त्यांनी "उत्तम" लिहिलं. तो कागद मी घडी न घालता घरी नेला.

घरात आई आणि मी, दोघंच. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. आई लोकांच्या उसात खुरपायला जायची आणि आयुष्यात कधी मोटारसायकलवर बसली नव्हती. माझी नवी लाल गाडी दारात आली तेव्हा शेजारच्यांनी नारळ आणि लिंबू सुचवलं. आमच्याकडं ते करत नाहीत. आईनं तसबिरीपुढं मेणबत्ती लावली, वंदना म्हटली, बाहेर येऊन टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पयल्यांदा मावशीकडं जायाचं. नगरला. मला बसवून."

गाडीच्या मागच्या चाकाला डाव्या बाजूनं लोखंडी कांड्यांची जाळी होती. साडी गार्ड. मागं एका अंगानं बसणाऱ्या बाईचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून ती लावतात, हे मला दहा दिवसांत दहा वेळा सांगून झालं होतं. पण स्टॅण्डसमोरच्या गॅरेजवर आमचं टोळकं बसायचं, आणि तिथं गाडी उभी करताच एक जण म्हणाला, "आरं, ही तर रिटायर मास्तरची गाडी. जाळी लावून दूध घालाया जातो काय?" सगळे हसले. मला ते हसणं सहन झालं नाही. तीन नट होते. दहा मिनिटांत जाळी निघाली आणि चाक मोकळं, देखणं दिसायला लागलं.

मी काही अगदीच बेअक्कल नव्हतो. मनाशी हिशेब केला होता. आई नऊवारी नेसायची, कासोटा घालून, पदर कमरेला खोचून. पाय दोन्हीकडं टाकून बसली की झालं. असा खोचलेला पदर चाकात जाणार कसा? मला तो हिशेब पक्का वाटला.

जाळी मी पोत्यात घालून घरी आणली. आईनं उलटीपालटी करून पाहिली. "हे काय रं?"

"काय न्हाई. गाडीला जास्तीचं हुतं."

"मग फेकू नको. ताटं ऱ्हात्यात ह्यात." तिनं जाळी राखेनं घासून लख्ख केली आणि चुलीशेजारी भिंतीला टेकवून ताटाळं केलं. कांड्यांच्या फटीत आमची चार ताटं नेमकी बसली.

रविवारी सकाळी मी गाडी पुसून, हेल्मेट घालून तयार होतो. आई बाहेर आली आणि मी बघतच राहिलो. तिनं गोल साडी नेसली होती. सहावारी, गुळगुळीत, आकाशी रंगाची. मला न सांगता तिनं ती आणली होती आणि शेजारणीकडून चार दिवस नेसायला शिकली होती. पदर खांद्यावर पिन लावून मागं मोकळा सोडलेला.

"नीट दिसाया पायजे ना," ती लाजत म्हणाली, "कारखान्यातल्या मान्साची आई मी. मास्तरीन बसती तशी बसते." आणि एका अंगानं, पाय डावीकडं घेऊन, बसली.

मला काय दिसलं? मला माझी आई सुंदर दिसली. गल्ली बघतेय हे दिसलं. तेवढंच दिसलं. मी वळून पाहिलं नाही, विचारलं नाही, गिअर टाकला.

पाटाच्या कडेचा रस्ता घरापासून हाकेच्या अंतरावर. दुसरा गिअर, सायकलपेक्षा थोडा जास्त वेग. मला वाटलं गाडी कुणीतरी मागून धरली. मी ब्रेककडं पाहिलं, पाय ब्रेकवर नव्हता. मग गाडी डावीकडं ओढली गेली आणि आम्ही दोघं खाली. मला खरचटलंही नाही. उठलो तेव्हा आई चाकाला चिकटून पडली होती. पदर चाकात गुंडाळला गेला होता आणि त्याचा पीळ तिच्या गळ्याशी आवळला होता. तिचे डोळे उघडे होते, ती माझ्याकडं बघत होती आणि तिला श्वास येत नव्हता.

दहा दिवसांच्या शिक्षणातलं मला काही म्हणजे काही आठवलं नाही. मी पदर ओढत होतो, आणि ओढला की तो आणखी आवळत होता. शेजारच्या फडातून ऊसतोडीच्या टोळीतला एक माणूस धावत आला. त्यानं मला ढकलून दिलं, तिच्या गळ्याजवळ बोट घालून कापड उचललं आणि कोयत्यानं कापलं. एका अनोळखी माणसाचा कोयता माझ्या आईच्या गळ्याशी चालताना मी बघत उभा होतो. आजही ऊस तोडताना कोयत्याचा आवाज आला की माझ्या अंगावर काटा येतो.

आई वाचली. डावा हात कोपरात मोडला आणि घसा असा सुजला की आवाज बंद. डॉक्टरांनी बोलायचंच नाही म्हणून सांगितलं. भेटायला येणारे आपलं आपणच ठरवून म्हणायचे, बाईमाणसाला बसता येत नाही, सवय नाही. मी त्यांच्यापुढं चहा ठेवायचो. आईला काही म्हणता येत नव्हतं. खरं सांगतो, लाज वाटते पण सांगतो, तिचा आवाज परत येण्याची मला धास्ती वाटत होती.

आठव्या दिवशी, आईला घरी आणल्यावर, मेजर आले. ते आधी घरात शिरले नाहीत. दारातल्या गाडीजवळ उकिडवे बसले आणि नटांच्या रिकाम्या भोकांवरून बोट फिरवलं. मग आत आले. एकाच खोलीचं घर. त्यांची नजर फिरत फिरत चुलीशेजारी गेली आणि ताटांवर थांबली.

"गाडीची जाळी कुनी काढली?" त्यांनी मला विचारलं.

आई खाटेवर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. तिनं मेजरांकडं पाहिलं, मग दारातल्या गाडीच्या उघड्या चाकाकडं, मग तिनं स्वतः राखेनं घासलेल्या त्या ताटाळ्याकडं. तोवर ती वस्तू कशासाठी असते हे तिला ठाऊक नव्हतं. ते तिला कळताना मी तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"म्या," आई म्हणाली. आठ दिवसांतला पहिला शब्द, फाटक्या आवाजात. "म्याच काढाया लावली, दादा. ताटं ठेवाया काय नव्हतं घरात. ह्यो नगं नगं म्हनत हुता."

पडलो तेव्हासुद्धा एवढा हादरलो नव्हतो.

"खरं हाय का रं?" मेजरांनी विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

मेजर उठून चुलीकडं गेले. एकेक ताट काढून जमिनीवर ठेवलं, पिशवीतून पाना काढला आणि जाळी स्वतःच्या हातानं गाडीला बसवली. मी पुढं झालो तर हातानंच मागं सारलं. चहाही घेतला नाही. "उत्तम" लिहिलेला कागद त्यांनी परत मागितला असता तर बरं झालं असतं.

आईचा हात पुन्हा सरळ झाला नाही. पण गाडीवर बसायला तिनं कधी नकार दिला नाही. बसली की मी काही विचारायच्या आत तीच मागून म्हणायची, "पदर हातात हाय." जणू चूक तिचीच होती. ती गेली तोपर्यंत, वीस वर्षं, ती हे म्हणत राहिली, आणि वीस वर्षं मी नुसता गिअर टाकत राहिलो.